‘सोवळी’, ‘निरुपद्रवी’ आणि ‘क्लीन’ : बाईच्या पिकल्या केसांची गोष्ट

आमच्या गावात परवा बसस्टँडसमोर एक फ्लेक्स लागला. ‘चाळिशीनंतरचं सौंदर्य. शंभर टक्के क्लीन ब्युटी, नो केमिकल. मोफत मार्गदर्शन.’ खाली मेहंदीची पानं, कोरफड आणि एका हसऱ्या बाईचा फोटो. फोटोतली बाई काही पंचविशीच्या वर नसावी, ते सोडा. तो फ्लेक्स मला पाच-सहा जणींनी पाठवला आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: दादा, हे क्लीन ब्युटी म्हणजे नक्की काय? घ्यावं का?

एका ओळीत उत्तर द्यायचं तर कायद्याच्या पुस्तकात या शब्दाला अर्थच नाही. भारतात नाही, अमेरिकेत नाही, युरोपातही नाही. दूध कशाला म्हणायचं, तूप कशाला म्हणायचं हे आपल्याकडे नियमाने ठरलेलं आहे. ‘क्लीन’ क्रीम कशाला म्हणायचं ते ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. पण एवढ्यावर भागत नाही. शब्दाला कायद्यात अर्थ नसला तरी त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांचं डोकं अडकलेलं आहे. शब्दशः डोकं. म्हणून आज पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी आपल्याकडचं बघू. ‘क्लीन’ला मराठीत आपण ‘स्वच्छ’ म्हणतो, पण या धंद्यातल्या ‘क्लीन’ला खरा जवळचा शब्द ‘सोवळं’ हा आहे. स्वच्छ म्हणजे धुतलेलं, घासलेलं. सोवळं म्हणजे कशाला तरी न शिवलेलं. आत्ताच धुऊन वाळवलेला पंचासुद्धा कुणाचा हात लागला की ओवळा होतो, मग त्याला मळ लागलेला असो-नसो. आता क्रीमच्या डबीवरची भाषा वाचा. पॅराबेन-फ्री, सल्फेट-फ्री, केमिकल-फ्री. आत काय आहे ते बारीक अक्षरात, आणि कशाकशाला शिवलेलं नाही ते ठळक अक्षरात. हे सोवळंच झालं की.

तसं हे आपल्याकडे पहिल्यांदा होतंय असंही नाही. १९२०च्या आसपास आर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला तेव्हा त्याची मोठी ओळख काय होती? प्राण्याची चरबी नाही, आणि माल स्वदेशी. म्हणजे साबणाने अंग किती स्वच्छ होतं याआधी साबण स्वतः किती शुद्ध आहे हे सांगावं लागलं. तो दावा निदान खरा तरी होता.

पण ‘सोवळं’ या शब्दाचा आणखी एक अर्थ होता, आणि तो आपल्या पणज्यांना पक्का ठाऊक होता. ‘सोवळी बाई’ म्हणजे केशवपन केलेली विधवा. ब्राह्मण आणि त्यांचं वळण गिरवणाऱ्या घरांत नवरा गेला की बाईच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा, अंगावर लाल आलवण यायचं, आणि मग दर काही दिवसांनी न्हावी मागच्या दारी. केस वाढले की ती अशुद्ध, केस गेले की ती सोवळी. तिच्या हातचं पाणी देवाला चालावं म्हणून तिचे केस जायला हवेत, असा तो हिशेब. बारा वर्षांची पोर असो नाहीतर साठीची आजी, त्यात फरक नव्हता.

या वस्तऱ्याला आवर घालायला कोण उठलं? ज्यांच्या हातात वस्तरा होता तेच. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. आपल्या रोजच्या धंद्यावर पाणी सोडून केलेला तो संप होता. शाळेच्या पुस्तकात याला एखादी ओळ मिळते, कधी तीही नाही.

महर्षी कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले याही अशाच सोवळ्या. हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या देशभर हिंडल्या, पुढे अमेरिकेपर्यंत गेल्या. केशवपन त्यांनी सोसलं आणि मग एका टप्प्यावर स्वतः ठरवून थांबवलं. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी याविषयी लिहिलं आहे. प्रौढ बाईने आपल्या डोक्यावरच्या केसांचा निर्णय स्वतः घ्यायचा, या गोष्टीचा आपल्याकडचा इतिहास इथपासून सुरू होतो. तो फार जुना नाही आणि संपलेलाही नाही. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि शासनाला बाकीच्या गावांसाठी परिपत्रक काढावं लागलं. एकविसाव्या शतकात!

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की पन्नाशीच्या बाईच्या केसांवर बोलताना आपण मोकळ्या जागेत बोलत नाही. तिने कलप लावला तर ‘या वयात कसला नट्टापट्टा’, आणि नाही लावला तर ‘अगं, केवढी थकलीस’. पुरुषाचे केस पिकले की तो ‘मी काही उन्हात केस पांढरे केलेले नाहीत’ म्हणत मिशीवर ताव देतो. बाईने हे वाक्य म्हटलेलं मी फारसं ऐकलेलं नाही.

आता युरोपात जाऊ, कारण आज आपल्या गावात जो कलप लागतो त्याचं रसायन तिकडून आलं.

वय लपवायचं म्हणून माणसाने अंगाला काय काय लावलं याची यादी भयंकर आहे. शिशाची पांढरी भुकटी युरोपातल्या सरदार घराण्यांतल्या बायका चेहऱ्याला फासायच्या. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात ‘लेअर्ड्स ब्लूम ऑफ यूथ’ नावाचं द्रावण विकलं जायचं. नावाचा अर्थ तारुण्याचा बहर. १८६९ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर लुईस सेयर यांनी अमेरिकन वैद्यक संघटनेपुढे तीन तरुण स्त्रियांच्या केसेस मांडल्या. तिघींचे हात मनगटापासून लुळे पडले होते. कारण, त्या बाटलीतलं शिसं. चेहऱ्यावर बहर आणि हाताने घास उचलवेना.

केसांनाही शिशाचे नाहीतर चांदीचे क्षारच लावत. मग १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने डांबरापासून मलेरियाचं औषध, म्हणजे क्विनीन, करायचा खटाटोप केला. क्विनीन काही झालं नाही, झाला तो जांभळा रंग. कोळशाच्या डांबरातून कृत्रिम रंगांचा प्रचंड धंदा उभा राहिला तो इथून. याच धंद्याने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातल्या निळीच्या शेतीचा कणा मोडला. चंपारणच्या शेतकऱ्यांचा जो प्रश्न घेऊन गांधीजी १९१७ मध्ये उभे राहिले, त्याच्या मागे ही गडबडसुद्धा होती. निळीची आठवण ठेवा. ती पुढे परत येणार आहे.

याच डांबरी रंगांच्या कुटुंबातला एक पदार्थ म्हणजे पॅरा-फेनिलिन-डायअमिन. थोडक्यात पीपीडी. याची करामत अशी की स्वतः हा जवळजवळ बिनरंगी आणि रेणू एवढा लहान की केसाच्या आत शिरतो. आत गेल्यावर ऑक्सिजनशी संयोग झाला की त्याचे मोठे, काळेभोर रेणू तयार होतात आणि ते बाहेर पडू शकत नाहीत. म्हणून रंग पक्का. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी याचा वापर आधी प्राण्यांच्या फरवर आणि मग माणसाच्या केसांवर सुरू झाला. पण लहान रेणू जसा केसात शिरतो तसा कातडीतही शिरतो. डोकं सोलवटणं, डोळे सुजणं, हे प्रकार तेव्हापासूनचे.

आणि इथे आपल्या गोष्टीतला सगळ्यात मजेशीर माणूस येतो. पॅरिसमध्ये यूजीन श्युलर नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ १९०७ पासून घरीच केसांचे रंग बनवून केशकर्तनवाल्यांना विकायला लागला. १९०९ मध्ये त्याने कंपनी काढली. तिचं लांबलचक फ्रेंच नाव मराठीत आणलं तर होईल, ‘केसांच्या निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी’. निरुपद्रवी! हा शब्द थेट कंपनीच्या नावात. तीच कंपनी आज लॉरिआल म्हणून जगभर माहीत आहे. तेव्हा मंडळी, ‘क्लीन ब्युटी’ ही काही इन्स्टाग्रामने काढलेली टूम नाही. शंभर वर्षांपूर्वीही गिऱ्हाईक घाबरलेलंच होतं, आणि तेव्हाही रंगाआधी त्याला भरवसा विकावा लागत होता.

या भरवशाची परीक्षा अमेरिकेत झाली. १९३३ मध्ये ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या-भुवया काळ्या करायचा रंग ब्युटी पार्लरांतून लावला जात होता. ओहायो राज्यातल्या डेटन शहरातली एक बाई एका समारंभाआधी पार्लरमध्ये गेली, तिथे हा रंग लावला आणि दृष्टी गमावून बसली. रंगात तेच, पीपीडीच्या जातीचं रसायन. अशा आणखी केसेस झाल्या, निदान एक बाई दगावली. पण सरकारला बाटली उचलता येईना, कारण १९०६च्या अमेरिकन कायद्यात अन्न होतं, औषध होतं, सौंदर्यप्रसाधन नव्हतंच! तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने मग चिडून अशा मालाचं एक प्रदर्शनच भरवलं. त्यात त्या बाईचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते. वर्तमानपत्रांनी त्याला ‘भयदालन’ असं नाव दिलं. महिला संघटनांनी कायद्यासाठी पाठपुरावा केला, पण अडलेलं गाडं हललं ते १९३७ मध्ये, एका विषारी पातळ औषधाने शंभरावर माणसं, त्यात कितीतरी लहान मुलं गेल्यावर. जून १९३८ मध्ये कायदा झाला, त्यात सौंदर्यप्रसाधनं आली, आणि लॅश ल्युअर बाजारातून गेलं.

इथवर गोष्ट छान आहे. पण त्याच कायद्यात एक फट ठेवली गेली. घातक पदार्थ असलेलं प्रसाधन विकता येणार नाही, पण डांबरापासूनचे केसांचे रंग याला अपवाद. कारण उघड आहे, ते बंद केले तर रंगाचा सगळा धंदा आणि पार्लरं बसली असती. अट एवढीच की पाकिटावर इशारा छापायचा: यातल्या पदार्थांनी काही जणांच्या कातडीला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करून बघा, पापण्या-भुवयांना लावू नका, आंधळेपण येऊ शकतं. म्हणजे पीपीडीमुळे बाईचा डोळा गेला, त्यावरून कायदा झाला, आणि कायद्याने पीपीडीला डोक्यावर राहू दिलं. जबाबदारी मात्र कंपनीवरून उचलून बारीक अक्षरांत बाईच्या हातात दिली.

हा इशारा समुद्र ओलांडून आपल्याकडेही आला. आपला १९४०चा कायदा मुळात फक्त औषधांचा होता, १९६२च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधनं आली. आपल्या नियमांत केसांच्या रंगाच्या पाकिटावर जो इशारा छापायला सांगितला तो जवळजवळ शब्दशः तोच. भर एवढीच की इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही छापायचा. आणि चाचणीही सविस्तर दिली: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडी जागा धुवायची, तयार केलेला रंग थोडा लावून वाळू द्यायचा, चोवीस तास थांबायचं. प्रत्येक वेळी रंग लावण्याआधी, एकदाच नव्हे. डेटनच्या त्या बाईचा डोळा आज तुमच्या किराणा दुकानातल्या दहा-वीस रुपयांच्या पाकिटावर छापलेला आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आणि आता आपल्या फ्लेक्सवरची मेहंदी.

मेहंदीचं पान काळा रंग देत नाही. त्यातला रंगद्रव्याचा गुण केशरी-तांबडा आहे, फार तर तपकिरीकडे झुकतो. आणि तो चढायला तास-दोन तास लागतात, आपल्या आया रात्रभर लोखंडी कढईत भिजवून मग डोक्यावर थापायच्या ते उगीच नाही. वनस्पतीनेच केस काळे करायचे तर मेहंदीनंतर वेगळी नीळ लावावी लागते, निळीच्या पाल्याची हिरवट पूड. (सांगितलं होतं, परत येणार म्हणून.) त्यात दोन वेळचा घोळ, गवतासारखा वास आणि अर्धा दिवस जातो. तेव्हा ‘काळी मेहंदी’ म्हणून जी पूड वीस-तीस मिनिटांत डोकं काळंकुळं करते, तिच्यात मेहंदी असेलही, पण काम दुसरंच कुणीतरी करतंय. बहुतेक वेळा ते पीपीडी असतं. पुष्कळ पाकिटांवर तसं स्पष्ट लिहिलेलंही असतं, मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला मेहंदीचं पान आणि ‘हर्बल’.

पीपीडी म्हणजे लावलं की विष, असंही नाही. असंख्य बायका वर्षानुवर्षं लावतात आणि त्यांना काही होत नाही. युरोपात डोक्यावर लागताना २ टक्क्यांपर्यंत त्याला परवानगी आहे. अडचण वेगळी आहे. शरीर याची ओळख मनात ठेवतं. पहिल्यांदा काही नाही, दहाव्यांदा काही नाही, आणि एके दिवशी शरीराचं फिरतं. डोक्याची कातडी जाड, तिथे नुसती खाज. पण पापण्यांची कातडी पातळ, ती एक-दोन दिवसांत अशी फुगते की डोळे उघडत नाहीत. एकदा ही अॅलर्जी बसली की साधारण जन्माची. अमेरिकेतल्या त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये पीपीडीला ‘वर्षाचा अॅलर्जीकारक’ जाहीर केलं होतं. आणि विचार करा, पंचेचाळिशीपासून सत्तरीपर्यंत दर तीन आठवड्यांनी कलप लावणारी बाई हा पदार्थ आयुष्यात किती वेळा डोक्यावर घेते. तरुण मुलींना लग्नात हातावर जी झटपट काळी होणारी कोनाची मेहंदी काढतात, तिच्यात हेच असेल तर ही ओळख विशीतच होऊन बसते, आणि हिशेब चाळिशीत चुकता करावा लागतो.

मग ‘केमिकल नको’ हेच बरोबर नाही का? इथे मला फ्लेक्सवाल्यांशी भांडायचं आहे. पॅराबेनची गोष्ट ऐका. क्रीममध्ये बुरशी-जंतू होऊ नयेत म्हणून पॅराबेन घालतात. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधक फिलिपा डार्बर यांनी स्तनाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन सापडल्याचं छापलं. पॅराबेनमुळे कॅन्सर होतो, असं त्यावरून सिद्ध होत नव्हतं. निरोगी भागाशी तुलनाच केलेली नव्हती. पण पन्नाशीच्या बाईला स्तनाचा कॅन्सर हा शब्द ऐकवला की पुढचं काही ऐकू येत नाही. जगभर ‘पॅराबेन-फ्री’ची लाट आली. पण जंतू तर मारायलाच हवेत, म्हणून दुसरी रसायनं आली, त्यातल्या मिथाइल-आयसो-थायझोलिनोन नावाच्या एकाने युरोपात अॅलर्जीची साथच आणली. २०१३ मध्ये तोच वर्षाचा अॅलर्जीकारक ठरला, २०१६ मध्ये युरोपने अंगावर राहणाऱ्या क्रीममधून त्याला हद्दपार केलं. आणि पॅराबेन? २०१९ मध्ये त्याच अमेरिकन संघटनेने त्यांना ‘वर्षाचा बिन-अॅलर्जीकारक’ म्हटलं, म्हणजे कातडीला त्यातल्या त्यात कमी त्रास देणारं. ज्याला ओवळं म्हणून बाहेर काढलं तो गरीब निघाला, आणि सोवळ्यात जो आत आला त्याने घर पेटवलं.

‘हायपो-अॅलर्जेनिक’ या शब्दाचंही असंच. अमेरिकन सरकारने १९७५ मध्ये नियम केला की हा शब्द छापायचा तर आधी तसं तपासून सिद्ध करा. दोन बड्या प्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या, १९७७ मध्ये नियम रद्द झाला. शब्द राहिला, तपासणी गेली. आजही डबीवर तो शब्द दिसला की आपण निर्धास्त होतो.

आणि ज्याची खरंच भीती धरायची ते तर आपल्या दारात येऊन गेलं. २०२२च्या सुमारास अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. डॉक्टरांनी माग काढला, क्रीमची तपासणी मुंबईच्या केईएममध्ये झाली, आणि गोरं करायच्या क्रीममध्ये पारा निघाला. पुढच्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातून तसेच रुग्ण समोर आले. पारा कातडीतला काळेपणा तयार होऊच देत नाही, म्हणून वांग आणि डाग खरंच फिके होतात, चार आठवड्यांत फरक दिसतो, आणि म्हणून बाया ती क्रीम एकमेकींना आवर्जून सांगतात. चाळिशीनंतर गालावर वांग कुणाला येत नाही? आपल्या २०२०च्या नियमांनुसार प्रसाधनात पारा मुद्दाम घालताच येत नाही, चुकून आलाच तर दहा लाखांत एक भाग, डोळ्यांच्या प्रसाधनात सत्तर. पण नियम लागू होतो तो डबीवर कारखान्याचं नाव-पत्ता, परवाना नंबर, बॅच नंबर, घटकांची यादी असेल तर. पार्लरमधून बिनलेबलच्या डबीत मिळणाऱ्या ‘घरगुती’ क्रीमला कुठला नियम सापडणार? अन्न व औषध प्रशासनाची माणसं जिल्ह्याला किती आहेत ते तुम्हीच एकदा ऑफिसात जाऊन मोजा.

पार्लरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १९७५ मध्ये ब्रूस एम्स या शास्त्रज्ञाने बाजारातले १६९ पक्के केसांचे रंग जंतूंवर तपासले, त्यातले १५० जनुकांत बदल घडवणारे निघाले. कंपन्यांनी त्यानंतर काही घटक बदलले. आज जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था म्हणते की घरी स्वतःच्या डोक्याला रंग लावणाऱ्यांबद्दल निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, पण केशकर्तनाच्या कामात होणारा रसायनांचा संपर्क बहुधा कर्करोगकारक आहे. म्हणजे जिच्या डोक्यावर लागतो तिच्यापेक्षा जी लावून देते तिला धोका जास्त. आमच्या तालुक्यात पार्लर चालवणाऱ्या बहुतेक जणी नवऱ्याच्या कमाईत भागत नाही म्हणून सहा महिन्यांचा कोर्स करून उभ्या राहिलेल्या. दिवसाला चार-पाच डोकी रंगवतात. मी गेल्या पंधरा दिवसांत सात पार्लरांत चौकशी केली. हातमोजे दोन ठिकाणी होते. क्लीन ब्युटीच्या एकाही जाहिरातीत या बाईचे हात दिसत नाहीत.

आता राहिली चाचणी. सातही ठिकाणी विचारलं, कानामागे लावून चोवीस तास थांबता का? सगळ्या हसल्या. एकीने कारण सांगितलं ते मला पटलं. म्हणाली, "दादा, कलप लावायला येणारी बाई लग्नाच्या आदल्या संध्याकाळी येते, तीही कुणाला कळू नये म्हणून मागच्या दाराने. तिला मी काय सांगू, चाचणी करून उद्या या?"

बाईने केस रंगवले हे गुपित राहिलं पाहिजे, अशी अपेक्षा आपण सगळ्यांनी ठेवलेली आहे. सासू-नणंदांनी, नवऱ्यांनी, आणि चेष्टा करणाऱ्या आम्हा पुरुषांनी तर नक्कीच. गुपचूप, घाईघाईत करायच्या गोष्टीची चाचणी होत नाही. अंगावर फोड आले तरी डॉक्टरला खरं कारण सांगितलं जात नाही, मग पुढच्या वेळी परत तोच कलप. पांढरे ठेवायचे त्यांनी पांढरे ठेवावेत, काळे करायचे त्यांनी पुढच्या दाराने जाऊन करावेत.

फ्लेक्सवरचं मार्गदर्शन ऐकायला जाणार असाल तर जरूर जा. तिथे विचारा, परवाना नंबर कुठे आहे, घटकांची यादी कुठे आहे. यादीत ‘पी-फेनिलिनडायअमिन’ किंवा ‘१,४-डायअमिनोबेन्झीन’ दिसलं तर तेच ते पीपीडी, वरती पान कुठल्याही झाडाचं असू दे. अक्षर बारीक असतं, चष्मा घेऊन जा, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. आणि लग्नसराई सुरू झालीय, तेव्हा रंगवायचेच असतील तर थोडा रंग आज कानामागे लावा. तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख आपल्याकडे रविवारची आहे, अजून चार दिवस हातात आहेत.